गंधक कमी असेल तर नत्र वाया का जाते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीक पिवळे दिसू लागले की युरियाचे आणखी एक पोते टाकायचे, ही सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की पिवळेपणाला दुसरे कारण असू शकते हा विचारच मागे पडतो. गंधकाची कमतरता असलेल्या शेतात वाढवलेला युरिया पिकाच्या कामी येत नाही, उलट पिकातला असमतोल वाढवतो. सोयाबीन, कांदा, ऊस, गहू, हरभरा आणि भात ही महाराष्ट्रातील पिके डोळ्यांसमोर ठेवून शेतकऱ्यांकडून आणि कृषीच्या विद्यार्थ्यांकडून नेहमी येणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

नत्राचा आणि गंधकाचा एकमेकांशी संबंध काय?

या दोन अन्नद्रव्यांची गाठ पडते ती प्रथिनात. पिकाने मुळांवाटे घेतलेल्या नत्राचा बहुतांश भाग शेवटी प्रथिनांच्या रूपाने पानात आणि दाण्यात जातो, आणि प्रथिने ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी सिस्टीन आणि मेथिओनीन या दोहोंत गंधक असते. प्रथिनाची साखळी जनुकाने ठरवून दिलेल्या क्रमानेच जोडली जाते. जेथे मेथिओनीन हवे तेथे दुसरे अमिनो आम्ल बसवून भागत नाही. त्यामुळे या दोहोंचा पुरवठा आटला की उरलेली अठरा अमिनो आम्ले कितीही असली तरी प्रथिन तयार होण्याचे काम अडते.

तृणधान्यांच्या हिरव्या भागातील प्रथिनांत साधारणपणे १५ भाग नत्रामागे १ भाग गंधक असते, तर कडधान्यांत हे प्रमाण १७ भागांमागे १ भाग असे धरतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की गव्हाने उचललेल्या ६० किलो नत्राचे प्रथिन व्हायचे असेल, तर त्याच पिकाने सुमारे ४ किलो गंधकही उचलले पाहिजे. आकडा लहान दिसतो, म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. पण हे ४ किलो मिळाले नाहीत तर ६० किलोंपैकी मोठा वाटा प्रथिनापर्यंत पोहोचतच नाही.

गंधक कमी पडल्यावर रोपाच्या आत नेमके काय घडते?

मुळांनी शोषलेले नायट्रेट थेट प्रथिनात जात नाही. त्याचे आधी नायट्राइट होते, मग अमोनियम होते, आणि अमोनियमपासून ग्लुटामीन व ग्लुटामेट ही अमिनो आम्ले तयार होतात. या प्रत्येक पायरीवर एक विकर (एन्झाइम) काम करते, आणि त्या विकरांना स्वतःच्या रचनेसाठी गंधक लागते. पहिल्या पायरीवरील नायट्रेट रिडक्टेज या विकरात मॉलिब्डेनमचा अणू गंधकाच्या अणूंनी धरून ठेवलेला असतो. दुसऱ्या पायरीवरील नायट्राइट रिडक्टेजमध्ये लोह आणि गंधक यांचा संयुक्त पुंजका असतो. या विकराला इलेक्ट्रॉन पुरवणारे फेरेडॉक्सिनही लोह-गंधकाचेच बनलेले असते. म्हणजे गंधक केवळ तयार प्रथिनात बसत नाही. नत्राचे रूपांतर करणारी यंत्रणाच त्याच्यावर उभी आहे.

तशीच आणखी एक जागा आहे. वनस्पती जमिनीतून सल्फेट (गंधकाचे पाण्यात विरघळणारे रूप) घेते, त्याचे टप्प्याटप्प्याने सल्फाइड करते आणि ते ओ-ॲसिटिल सेरीन या रेणूशी जोडून सिस्टीन तयार करते. हा ओ-ॲसिटिल सेरीन नत्राच्या चयापचयातून येतो, आणि सल्फाइड गंधकाच्या. सल्फाइड येईनासे झाले की ओ-ॲसिटिल सेरीन साठू लागतो. हा साठा वनस्पतीसाठी गंधकाच्या टंचाईचा इशारा ठरतो आणि मुळे सल्फेट शोषणारे वाहक वाढवू लागतात. जमिनीत सल्फेट असेल तर या इशाऱ्याचा उपयोग होतो. नसेल तर रोप नत्राची उचल आवरते घेते आणि आधीच घेतलेले नत्र नायट्रेटच्या, तसेच ॲस्पॅराजीन, ग्लुटामीन व आर्जिनीन यांच्या रूपाने पेशींत साठवून ठेवते. अशा पानाचे प्रयोगशाळेत पृथक्करण केले तर एकूण नत्र पुरेसे किंवा जास्तच भरते, आणि पीक मात्र शेतात पिवळे उभे असते. नत्र आहे, पण प्रथिनात नाही.

पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा आहे की गंधकाच्या, हे कसे ओळखावे?

पहिली खूण म्हणजे पिवळेपणा कोठून सुरू झाला. नत्र रोपात सहज फिरते, त्यामुळे ते कमी पडले की रोप जुन्या पानांतून ते काढून शेंड्याकडे पाठवते आणि खालची पाने आधी पिवळी होतात. गंधक तेवढे सहज हलत नाही, म्हणून त्याच्या टंचाईत शेंड्याकडची कोवळी पाने फिकट पडतात आणि खालची पाने बराच काळ हिरवी राहतात. खोड बारीक आणि ताठर होते, वाढ खुंटते, पीक पक्व होण्यास उशीर लागतो.

मात्र या खुणेला एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेतात नत्रही कमी असेल तर जुन्या पानांतील प्रथिने मोडली जातात आणि त्यांतले गंधकही मोकळे होऊन वर जाते. मग शेंड्याची लक्षणे पुसट होतात आणि सगळे रोपच सारखे फिकट दिसते. गव्हात आणि मक्यात असे वारंवार होते. अशा वेळी केवळ डोळ्यांनी निदान करणे धोक्याचे आहे.

दुसरी गफलत लोहाशी होते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत सोयाबीनची वरची पाने पिवळी पडण्याचे मोठे कारण लोहाची कमतरता हे असते. पान हातात घेऊन उजेडाकडे धरावे: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोहाची शंका घ्यावी, शिरांसह संपूर्ण पान एकसारखे फिकट पिवळसर असेल तर गंधकाची. शेतात पाणी साचून मुळे गुदमरली तरी पीक पिवळे पडते, आणि पिवळ्या मोझॅक या विषाणूजन्य रोगात पानावर हिरवे-पिवळे अनियमित ठिपके दिसतात. ही दोन्ही कारणे आधी वगळावीत.

गंधकाची कमतरता असताना युरियाच वाढवला तर काय होते?

नत्र आणि गंधक यांचे प्रमाण आणखी फाकते. सुरुवातीला पाने थोडी गडद होतात, त्यामुळे खत लागू पडले असे वाटते; प्रत्यक्षात रोपात प्रथिनाऐवजी नायट्रेट आणि विद्राव्य अमिनो संयुगे साठतात. अशी रसरशीत पाने मावा, तुडतुडे आणि इतर रसशोषक किडींना अधिक मानवतात. पिकाने न उचललेले नायट्रेट पावसाच्या किंवा पाटाच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरते आणि विहिरीच्या पाण्यात पोहोचते. पैसे गेले, पीक मिळाले नाही आणि पाणीही बिघडले, असे तिहेरी नुकसान यात आहे. त्यामुळे पिवळेपणाचे कारण कळल्याशिवाय युरिया टाकू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते.

पूर्वी गंधक वेगळे द्यावे लागत नसे. आताच ही गरज का निर्माण झाली?

पूर्वीही पिकाला गंधक लागत होतेच. फक्त ते न मागता मिळत होते. अमोनियम सल्फेट आणि सिंगल सुपर फॉस्फेट ही जुनी खते नत्र किंवा स्फुरद (फॉस्फरस) देता देता गंधकही देत असत. त्यांची जागा युरिया आणि डीएपीने (डायअमोनियम फॉस्फेट) घेतली, आणि या दोन्हींत गंधक नसते.

एका एकराचा हिशोब मांडून पाहावा. सोयाबीनला एकरी २४ किलो स्फुरद द्यायचे ठरवले, तर ५० किलोची सुपर फॉस्फेटची तीन पोती लागतात. सुपरमध्ये १६ टक्के स्फुरद आणि ११ टक्के गंधक असते, म्हणून या तीन पोत्यांबरोबर १६.५ किलो गंधक आपोआप शेतात पडते. तेवढेच स्फुरद डीएपीचे एक पोते आणि वर थोडे एवढ्यात मिळते, त्यातून ९ किलो नत्रही मिळते, आणि गंधक मिळते शून्य. तीन पोत्यांऐवजी एकच पोते उचलायचे, भाडे कमी, पेरणी यंत्रात भरणे सोपे, त्यामुळे शेतकऱ्याने डीएपी निवडले यात नवल नाही. पण त्या सोयीबरोबर हंगामामागून हंगाम गंधकाचा पुरवठा बंद झाला.

याच काळात एका वर्षात दोन-तीन पिके घेण्याची पद्धत वाढली, शेणखत कमी झाले आणि जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटला. जमिनीतील गंधकाचा ९० टक्क्यांहून अधिक साठा सेंद्रिय पदार्थांत असतो, म्हणून सेंद्रिय कर्बाची घट ही गंधकाचीही घट असते. युरोपात हीच टंचाई वेगळ्या वाटेने आली. ब्रिटन आणि जर्मनीत कोळशाच्या धुरातून हवेत जाणारा सल्फर डायऑक्साइड कायद्याने आटोक्यात आणला गेला, हवा स्वच्छ झाली, आणि पावसाबरोबर फुकट मिळणारे गंधक बंद झाल्याने १९८० च्या दशकापासून तेथील मोहरी वर्गातल्या रेपसीड पिकात आणि पुढे गव्हात कमतरता दिसू लागली. रेपसीडची पिवळी फुले पांढुरकी पडणे हे तिथले ओळखीचे लक्षण आहे.

सोयाबीन, तूर, हरभरा ही पिके नत्र स्वतः मिळवतात. त्यांना गंधक कशाला?

त्यांना ते अधिकच लागते. मुळांवरील गाठींत रायझोबियम वर्गातील जिवाणू हवेतील नत्राचे अमोनियात रूपांतर करतात ते नायट्रोजिनेज या विकराच्या साहाय्याने. या विकराच्या गाभ्यात मॉलिब्डेनमचा एक, लोहाचे सात आणि गंधकाचे नऊ अणू असतात; शिवाय त्याच्या इतर भागांतही लोह-गंधकाचे पुंजके असतात. गंधक कमी पडले की गाठींची संख्या आणि वजन घटते आणि असलेल्या गाठीही कमी काम करतात. गाठ नखाने फोडून पाहिल्यास निरोगी गाठीचा आतला भाग लालसर गुलाबी दिसतो. फिकट किंवा हिरवट दिसला तर ती नत्र बांधत नाही असे समजावे, मग कारण गंधकाचे असो वा दुसरे.

एकरी १० क्विंटल, म्हणजे हेक्टरी २५ क्विंटल सोयाबीन निघाले तर त्या दाण्यात किती नत्र असते? सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने धरल्यास हेक्टरी १६० किलो नत्र एकट्या दाण्यातून बाहेर जाते. यातला मोठा वाटा गाठींनीच मिळवावा लागतो, आणि त्याच्या जोडीला दाण्यातच ९ किलोंच्या आसपास गंधक जाते. पाला, खोड आणि मुळे यांची गरज वेगळी. सोयाबीनच्या खतमात्रेत हेक्टरी २० किलो गंधक दिले जाते त्यामागे हा हिशोब आहे, आणि जेथे ते डीएपीमुळे गळते तेथे बियाण्याला लावलेल्या रायझोबियमचाही पुरता लाभ मिळत नाही.

गंधकाच्या टंचाईत सोयाबीनच्या प्रथिनाचा प्रकारही बदलतो. मेथिओनीन व सिस्टीन जास्त असलेले ग्लायसिनिन कमी होते आणि ज्यात ही अमिनो आम्ले जवळजवळ नसतात अशा बीटा-कॉन्ग्लायसिनिनचा एक घटक वाढतो. कोंबडीखाद्यात सोयापेंडीबरोबर मेथिओनीन वरून मिसळावे लागते, हे पोल्ट्री चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. त्या तुटवड्याची एक बाजू शेतातल्या गंधकापर्यंत जाते.

कांद्याला गंधक एवढे का लागते?

कांद्याचा उग्रपणा, डोळ्यांतून पाणी काढणारा वायू आणि कापल्यावर येणारा वास हे सगळे गंधकयुक्त संयुगांमुळे असते, आणि ती संयुगे सिस्टीनपासून बनतात. त्यातच कांद्याची मुळे उथळ आणि विरळ असतात, त्यामुळे खाली वाहून गेलेले सल्फेट त्याच्या हाती लागत नाही. नाशिक, पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर भागांतील हलक्या ते मध्यम जमिनींत हा प्रश्न ठळकपणे जाणवतो.

नत्राच्या दृष्टीने कांदा फार नाजूक पीक आहे. नत्र जास्त झाले किंवा उशिरापर्यंत दिले तर माना जाड राहतात, जोड कांदे वाढतात आणि चाळीत साठवलेला माल लवकर सडतो. गंधकाची जोड असेल तर दिलेले नत्र वाढीच्या सुरुवातीच्या काळातच नीट वापरले जाते आणि पात पिवळी पडली म्हणून उशिरा युरिया फेकण्याचा मोह टळतो. माती परीक्षणानुसार हेक्टरी २० ते ४० किलो गंधक पुनर्लागवडीपूर्वी द्यावे, आणि नत्राचा शेवटचा हप्ता लागवडीनंतर ४५ दिवसांच्या पुढे नेऊ नये.

गहू, ऊस आणि भात यांचे काय?

तृणधान्यांचा एक टन दाणा तयार होण्यास साधारण ३ ते ४ किलो गंधक लागते. कडधान्यांना सुमारे ८ आणि तेलबियांना सुमारे १२ किलो. म्हणून गव्हाची गरज तुलनेने कमी असली तरी नत्राच्या मोठ्या मात्रेमुळे प्रमाण बिघडण्याची शक्यता तेथे जास्त असते. गव्हाच्या दाण्यात गंधक कमी असेल तर कणकेची लवचिकता घटते, कारण ग्लुटेनमधील प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या दुव्यांनीच एकमेकींना बांधल्या जातात. अशा दाण्यात मोकळे ॲस्पॅराजीनही वाढते, आणि पीठ भाजताना किंवा तळताना त्यापासून ॲक्रिलामाइड हा घातक पदार्थ बनतो. ब्रिटनमध्ये याच कारणाने गव्हाच्या गंधकाकडे काटेकोर लक्ष दिले जाऊ लागले.

ऊस लांब मुदतीचे आणि भरघोस वजनाचे पीक असल्याने जमिनीतून गंधक सतत काढत राहते. राज्यातील बहुतेक कारखाने रस शुद्ध करण्यासाठी गंधकाचा धूर वापरतात, त्यामुळे त्यांच्या प्रेसमडमध्ये (रस गाळून उरणाऱ्या गाळात) गंधक असते. ते नीट कुजवून शेतात परत आणणे हा उसासाठी चांगला मार्ग आहे.

भातखाचरातली गोष्ट निराळी आहे. पाणी साचून हवा संपली की सल्फेटचे सल्फाइड होते, ते लोहाशी जोडले जाऊन न विरघळणारे बनते आणि पिकाला मिळत नाही. कोकणातील जांभ्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड सल्फेटला खालच्या थरात धरूनही ठेवतात. म्हणून अशा खाचरांत पावसाच्या सुरुवातीला एकदम गंधक ओतण्यापेक्षा चिखलणीनंतर अमोनियम सल्फेटच्या रूपाने नत्राच्या हप्त्यांतून ते देणे अधिक सयुक्तिक ठरते.

माती परीक्षणात गंधकाचा आकडा कसा वाचावा?

मृदा आरोग्य पत्रिकेत तपासल्या जाणाऱ्या बारा बाबींत गंधकाचा समावेश आहे. कॅल्शियम क्लोराइडच्या ०.१५ टक्के द्रावणाने काढलेले गंधक प्रति किलो मातीत १० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर जमीन कमी गंधकाची समजतात. हेक्टरी हिशोबात हा आकडा सुमारे २२ किलो होतो, त्यामुळे अहवालात एकक कोणते लिहिले आहे ते आधी पाहावे.

हा आकडा एकटा पुरेसा नाही. सल्फेट पाण्याबरोबर हलते, म्हणून उन्हाळ्यात घेतलेला नमुना आणि जोराच्या पावसानंतरचा नमुना यांत फरक पडतो. वरच्या १५ सेंटिमीटर थरात गंधक कमी आणि खाली पुरेसे असू शकते. खोल मुळांची तूर तेथपर्यंत पोहोचते, कांदा पोहोचत नाही. शंका असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास पूर्ण वाढलेल्या वरच्या पानांचे पृथक्करण करून नत्र आणि गंधक यांचे गुणोत्तर काढावे. तृणधान्यात ते १५ ते १७ च्या वर गेले तर नत्र भरपूर पण गंधक अपुरे, असा त्याचा अर्थ होतो.

विहिरीच्या पाण्याचा अहवालही हाताशी असावा. पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम सल्फेट असेल तर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे १० मिलिग्रॅम, गंधक असते. हंगामात एकूण ३० सेंटिमीटर पाणी दिले तर हेक्टरी ३० लाख लिटर होते आणि त्यातून ३० किलो गंधक शेतात येते. असे पाणी असलेल्या बागायतदाराने वेगळे गंधक विकत घेण्याचे कारण नाही.

घरच्या शेतात स्वतः खात्री कशी करावी?

गहू, मका किंवा कांदा यांसारख्या, वरखत दिल्या जाणाऱ्या पिकात पिवळेपणा दिसल्यावर शेजारी शेजारी एक-एक गुंठ्याचे दोन पट्टे आखावेत. दोन्हींना प्रत्येकी ४५० ग्रॅम युरिया द्यावा. त्यांपैकी एका पट्ट्यात त्याबरोबर दीड किलो बारीक जिप्सम (गंधक आणि कॅल्शियम असलेले खनिज) टाकावे आणि दोन्ही पट्ट्यांना हलके पाणी द्यावे. दोन्हीकडे नत्र सारखेच असल्याने पुढे जो फरक दिसेल तो गंधकाचा. दहा-बारा दिवसांनी नव्याने आलेल्या पानांचा रंग तुलनेने पाहावा. जुनी पाने पाहू नयेत, कारण ती फारशी बदलत नाहीत. सोयाबीनमध्ये हीच चाचणी युरिया न देता फक्त जिप्समवर करावी.

या चाचणीत युरियाच्या जागी अमोनियम सल्फेट वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. चुनखडीच्या जमिनीत तो दिशाभूल करू शकतो, कारण अमोनियम सल्फेटमुळे मुळांजवळची माती आम्लधर्मी होऊन लोहही उपलब्ध होते, आणि मग पीक सुधारले ते गंधकाने की लोहाने हे सांगता येत नाही.

कोणत्या खतातून गंधक घ्यावे?

स्फुरद द्यायचेच असेल तर सुपर फॉस्फेटला माझे पहिले मत आहे. पेरणीबरोबर सल्फेटच्या रूपात गंधक आणि वर कॅल्शियमही मिळते. नत्राच्या वरखतात अमोनियम सल्फेट सोयीचे आहे, त्यात सुमारे २०.५ टक्के नत्र आणि २३ टक्के गंधक असते. मात्र चुनखडीच्या जमिनीत ते पृष्ठभागावर पसरून ठेवू नये, कारण चुन्याशी संयोग होऊन अमोनिया हवेत उडून जातो. ते मातीआड करावे. २०:२०:०:१३ या मिश्रखतात १३ टक्के गंधक असते. जिप्सममध्ये शुद्धतेनुसार १३ ते १८ टक्के असते, आणि भुईमुगाला आऱ्या सुटताना ते दिल्यास शेंगा भरण्यासाठी कॅल्शियमही मिळते.

दाणेदार बेंटोनाइट गंधकात ९० टक्के गंधक असले तरी ते मूलद्रव्यी रूपात असते. जमिनीतील जिवाणूंनी त्याचे सल्फेट केल्याशिवाय पीक ते घेऊ शकत नाही, आणि त्यासाठी ओलावा, ऊब आणि तीन-चार आठवडे लागतात. पिवळे पडलेल्या उभ्या पिकात ते टाकून लगेच गुण येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

गंधकाचे आवरण असलेल्या युरियाने हा प्रश्न सुटतो का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ जून २०२३ रोजी मान्यता दिलेला आणि २७ जुलै २०२३ रोजी राजस्थानातील सीकर येथे सादर झालेला युरिया गोल्ड या दिशेने महत्त्वाचा आहे. त्यात ३७ टक्के नत्र आणि १७ टक्के गंधक असते. ४० किलोच्या पोत्यातून १४.८ किलो नत्र आणि ६.८ किलो गंधक मिळते. आवरणामुळे युरिया हळूहळू विरघळतो. निंबोळी आवरणाच्या ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो नत्र असते, म्हणून पोत्याला पोते असा हिशोब करू नये. आवरणातले गंधकही मूलद्रव्यी असल्याने ते हंगामाच्या सुरुवातीच्या हप्त्यात देणे योग्य.

गंधक केव्हा द्यावे? नत्रासारखे हप्त्याने द्यावे का?

बहुतेक पिकांत पेरणीबरोबर किंवा लागवडीआधी द्यावे. गंधक जुन्या पानांतून नव्या पानांत आणि दाण्यात सहज जात नाही, त्यामुळे पीक वाढत असताना त्याचा पुरवठा सतत चालू राहावा लागतो. मूलद्रव्यी गंधक पेरणीआधी दोन-तीन आठवडे वाफशावर मातीत मिसळावे. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत आणि जास्त पावसाच्या भागात मात्र सल्फेटचे दोन हप्ते करावेत.

गंधक टाकल्याने चुनखडीच्या जमिनीचा सामू (पीएच) उतरतो का?

खतमात्रेइतक्या गंधकाने नाही. एक किलो गंधकापासून बनणारे आम्ल सुमारे ३ किलो चुनखडी खाते. जमिनीत एक टक्का जरी मुक्त चुना असला तरी हेक्टरी वरच्या १५ सेंटिमीटर थरात तो २२ टनांच्या आसपास भरतो, आणि तेवढा संपवायला ७ टन गंधक लागेल. हेक्टरी २० किलो गंधकाने दाण्याभोवतीची थोडी माती काही काळ आम्लधर्मी होते आणि तेथे स्फुरद, लोह, जस्त थोडे मोकळे होते, इतकेच. सामू कमी करण्याच्या नावाने महागडी गंधक उत्पादने विकली जात असतील तर हा हिशोब विचारावा.

फवारणीतून गंधक दिले तर चालेल का?

तात्पुरता आधार मिळतो, गरज भागत नाही. १७.५ टक्के गंधक असलेल्या ०:०:५० या विद्राव्य खताची एक टक्का फवारणी एकरी २०० लिटर पाण्यातून केली, तर २ किलो खतातून अवघे ३५० ग्रॅम गंधक पानांवर पडते. भुरी रोगासाठी वापरली जाणारी ८० टक्के गंधकाची पावडर हे बुरशीनाशक आहे. पान ते सल्फेटप्रमाणे शोषून घेत नाही, आणि कडक उन्हात, विशेषतः तापमान ३५ अंशांच्या वर असताना, पाने करपण्याचा धोका असतो.

गंधक जास्त झाले तर नत्राच्या वापरावर परिणाम होतो का?

होतो, आणि याची चर्चा फार कमी होते. सल्फेट आणि मॉलिब्डेट यांची रचना मिळतीजुळती असल्याने मुळांतील वाहकांसाठी दोघांत स्पर्धा होते. सल्फेट अति झाले की मॉलिब्डेनमची उचल घटते, आणि मॉलिब्डेनमशिवाय नायट्रेट रिडक्टेजही चालत नाही आणि गाठींतील नायट्रोजिनेजही नाही. कोकणातील आम्लधर्मी जमिनीत मॉलिब्डेनम आधीच कमी उपलब्ध असते, तेथे वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट किंवा मूलद्रव्यी गंधक देत राहिल्यास आम्लता वाढून हा त्रास दुणावतो. अशा जमिनीत जिप्सम किंवा सुपर फॉस्फेट बरे.

शेणखत नियमित घातले तर वेगळे गंधक लागेल का?

कुजलेले शेणखत दरवर्षी भरपूर पडत असेल तर कमी लागते. मात्र सेंद्रिय पदार्थातील कर्ब आणि गंधक यांचे गुणोत्तर ४०० च्या वर असेल, जसे गव्हाच्या काडात किंवा उसाच्या पाचटात, तर कुजवणारे जिवाणू उलट जमिनीतलेच सल्फेट काही काळ स्वतःकडे ओढतात. २०० च्या खाली असेल तर गंधक मोकळे होते. म्हणून काड किंवा पाचट गाडल्यानंतर लगेच येणाऱ्या पिकात नत्राबरोबर गंधकाचीही थोडी वाढीव मात्रा धरावी.

चाऱ्याच्या पिकात याचा जनावरांशी काही संबंध आहे का?

आहे. गंधक कमी आणि नत्र जास्त अशा ज्वारी-मक्याच्या हिरव्या चाऱ्यात नायट्रेट साठते आणि पाण्याच्या ताणात ते विषारी पातळीला जाऊ शकते. शिवाय रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणूंनाही प्रथिन बनवण्यासाठी साधारण १० ते १२ भाग नत्रामागे १ भाग गंधक लागते. त्यामुळे वाळलेल्या चाऱ्यावर युरियाची प्रक्रिया करणाऱ्या पशुपालकांनी खनिज मिश्रणात गंधक आहे ना, हे पाहावे.

गंधक दिल्यावर युरिया किती कमी करता येईल?

पहिल्याच हंगामात युरिया कापू नये. आधी शिफारशीइतके नत्र आणि पुरेसे गंधक असे देऊन पीक कसे उभे राहते ते पाहावे. ज्या शेतात पिवळेपणा पाहून शिफारशीच्या वर युरिया टाकला जात होता, तेथे तो वरचा भाग लगेच बंद करता येतो, आणि बचत तेथूनच सुरू होते. शिफारशीच्या खाली जायचे असेल तर माती परीक्षणातील नत्र, मागील पीक आणि घातलेले शेणखत पाहून, एका पट्ट्यात मात्रा कमी करून दुसऱ्याशी तुलना करावी आणि उत्पादन वजन करून मगच पुढच्या हंगामात सगळ्या शेताला ती मात्रा लावावी.